खिळ्यावरची अंगठी

कालवा फुटला त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही. वरच्या अंगाला भराव वाहून गेला होता आणि दुरुस्तीला महिना तरी लागेल असं सांगत होते. पिकं ऐन भरात उभी. मग ज्याच्या त्याच्या घरामागे वर्षानुवर्षं पडून असलेली जुनी डिझेल इंजिनं लोकांनी ओढून बाहेर काढली. कुणाच्या टाकीत उंदराचं घरटं, कुणाच्या सायलेन्सरमध्ये गांधीलमाश्या, कुणाचं चाक जागचं हलायला तयार नाही. आणि प्रत्येकाचं एकच म्हणणं, "मिस्त्री, आजच्या आज द्या. नदीवर नेऊन बसवायचंय."

आजच्या आज हे शब्द आमच्या मिस्त्रींना मानवत नाहीत. त्यांचा शब्द 'सबूर'. हातात पाना घेण्याआधी सबूर, इंजिन उघडताना सबूर, सुरू करताना तर दोनदा. लोक त्यांना सबूर मिस्त्रीच म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मागच्या खोलीत मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं नक्की म्हणतात. मी त्यांची बायको, त्यामुळे मला राग यायला हवा. पण खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मलाही हसूच यायचं.

कारण त्यांचे नियम तसेच होते. इंजिनात हात घालायचा तर आधी त्याचं फिरवायचं हँडल काढून घ्यायचं आणि स्वतःच्या बुडाखाली ठेवून त्यावर बसायचं. दिवसभर लोखंडावर बसलेला माणूस संध्याकाळी उठताना कसा उठतो ते मी एकवीस वर्षं बघत होते. तापलेल्या इंजिनाचं पाण्याचं झाकण उघडायचं नाही, मग मालक कितीही घाई करो. चाक फिरत असताना जवळ जायचं नाही, आणि जायचंच तर उपरण्याचं टोक, बाहीचं बटण, मोकळे केस, काही लोंबता कामा नये. एकदा एका जावयाला त्यांनी अंगणातून परत पाठवला होता, गळ्यातला मफलर काढून ये म्हणून. जावई रुसला. सासऱ्यानं इंजिन दुसरीकडे नेलं.

आणि नोझल. डिझेलचा फवारा ज्या टोकातून आत उडतो ते नोझल मिस्त्री टेबलावरच्या हातपंपाला जोडून तपासायचे. समोर हातभर अंतरावर कागद धरायचा, काठीच्या चिमट्यात. दांडा दाबला की कागदावर फवारा बसायचा. नोझल चांगलं असेल तर सगळीकडून सारखं गोल, फुलासारखं. खराब असेल तर एकीकडे झुकलेलं, नाहीतर नुसता ओघळ. तो कागद ते मालकाला दाखवायचे, कोपऱ्यात मालकाची खूण करायचे आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालायचे. कालवा फुटल्यापासून ती तार कागदांनी भरून गेली होती. येणारे जाणारे म्हणायचे, मिस्त्रींच्या घरी लग्न आहे वाटतं.

मागची खोली माझी. तिथे बॅटऱ्या. मोठ्या इंजिनांना आणि ट्रॅक्टरना लागतात त्या, दोन हातांनी उचलताना कंबर बोलते अशा. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या, त्या मिस्त्रींनी स्वतः पाडलेल्या, आणि त्यांना झडपा मुद्दाम लावलेल्या नाहीत. चार्जिंगला लावलेली बॅटरी जो वायू सोडते तो दिसत नाही, पण ठिणगी मिळाली तर बॅटरीचं झाकण छताला जाऊन लागतं. म्हणून तिथे काडी ओढायची नाही, आत पाणी किती आहे ते टॉर्चनं बघायचं. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये नाही. काळी वायर आधी काढायची आणि शेवटी जोडायची. चार्जर आधी बंद, मग चिमटे. कोपऱ्यात पाण्याची बादली आणि सांडलेलं अ‍ॅसिड मारायला खायच्या सोड्याचा डबा. दाराच्या चौकटीला एक खिळा. आत येणाऱ्यानं अंगठी, घड्याळ, कडं, जे काही धातूचं असेल ते त्या खिळ्याला अडकवूनच आत यायचं. माझ्या बांगड्या दिवसभर त्या खिळ्यावर असायच्या.

हे सगळं मी पाळायची. पण कधी चुकायचीही. एकदा अ‍ॅसिडचे चार थेंब बाहीवर उडाले, धुवायच्या आत भोकं पडली. मिस्त्रींनी बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले, "सांगितलं होतं ना, एप्रन घाल म्हणून." ओरडून नाही. ते ओरडत नाहीत. शांतपणे बोलतात, तेच जास्त लागतं. त्यानंतर भोकं पडली की मी ती दुपारी गुपचूप शिवून टाकायची आणि हात चुरचुरला तर खोबरेल लावून गप्प बसायची.

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ. मी या घरात आले तेव्हा तो दहा वर्षांचा होता, नाक पुसायला मागे धावावं लागायचं. दिराला अहोजाहो करायचं असतं, पण ज्याचे केस मी विंचरले त्याला कसलं अहोजाहो. आता एकतीस वर्षांचा बाप्या झाला होता, हात मोठ्या भावापेक्षा चपळ, आणि जिभेला तर विश्रांती नाही. गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश. गंजून बसलेला नट कुणालाच सुटेना की धाकट्याला हाक मारायची. तो नटाशी बोलायचा, त्याला लाडीगोडी लावायचा, आणि एका हिसक्यात सोडवायचा.

नवव्या दिवशी सकाळी नदीवरून निरोप आला. एक इंजिन सारखं बंद पडत होतं, नळीत हवा धरली होती. मिस्त्री पिशवी घेऊन गेले. जाताना धाकट्याला म्हणाले, "नोझलचं घाईत करू नको. कागद टेबलाखाली आहेत."

"हो दादा," धाकटा म्हणाला. ते वळल्यावर त्यानं माझ्याकडे बघून ओठांनीच 'सबूर' म्हटलं. मी हसले. ते हसू मला पुढे फार दिवस पुरलं.

नऊच्या सुमाराला काकडीवाले आले, स्वतःची गाडी घेऊन, मागे इंजिन टाकून. काकडीवाले म्हणजे नदीच्या वळणावर ज्यांचा काकडीचा मळा आहे ते. माणूस वाईट नाही, पण गप्प बसला तर आजारी पडेल. मी आत बॅटऱ्यांची टोकं घासत होते. बाहेर काय चाललंय ते दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं.

"झालं का रे?"

"नोझल तेवढं बघतो."

"आता कागद काढणार, चित्रं काढणार, वाळत घालणार. माझ्या काकड्या तोपर्यंत वाळतील. पलीकडच्या काठचा मिस्त्री काय करतो माहितीय? नोझलपुढे बोट धरतो. बोटाला कळतं म्हणे, बरोबर की नाही ते. तुम्ही भाऊ भाऊ बोटांना फार जपता बुवा."

धाकटा हसला. पंपाचा दांडा दाबल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा. मग काहीच नाही. मग काकडीवाल्यांचा आवाज, "काय झालं?"

"काही नाही. टोकाला थेंब लोंबत होता, पुसला."

पुढे तासाभरात इंजिन धडधडायला लागलं, काकडीवाले ते गाडीत घालून नदीकडे गेले आणि मी परत माझ्या कामाला लागले. त्या दिवशी चार्जिंगला पाच बॅटऱ्या होत्या. डोकं वर काढायला फुरसत नव्हती.

दीडच्या सुमाराला धाकटा मागच्या दारात आला. घड्याळ त्यानं खिळ्याला अडकवलं, तेवढं विसरला नाही. हातात बॅटरीच्या पाण्याचा कॅन होता.

"वहिनी, हे झाकण जरा उघडून देतेस?"

मी ते एका पिळात उघडलं आणि म्हटलं, "काय रे, सगळ्या गावाचे नट सोडवणारा तू. सकाळपासून उपाशी आहेस का?"

तो हसला नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. सकाळपासून त्याचा आवाज नव्हता, शीळ नव्हती, कुणाची नक्कल नव्हती. डावा हात पँटच्या खिशात होता आणि कपाळावर घाम. उन्हाचा असेल असं मला वाटलं.

मिस्त्री दोन वाजता आले, काकडीवाल्यांच्याच गाडीतून. काकडीवाले बाहेर पाणी प्यायला थांबले. मी ताटं मांडत होते. मिस्त्रींनी हात धुतले, पुसले, आणि नेहमीप्रमाणे तारेकडे बघितलं. ते तारेकडे असं बघतात जसं दुसरे लोक देवळाकडे बघतात.

"काकडीवाल्यांचा कागद कुठाय?"

"असेल की तिथे," धाकटा म्हणाला.

"नाही."

"उडाला असेल वाऱ्यानं."

वारा पानही हलवत नव्हता. मिस्त्री धाकट्याच्या खिशातल्या हाताकडे बघत होते.

"हात बघू."

"काय हात बघायचाय? काटा लागलाय जरासा."

"बघू."

"दादा, लहान आहे का मी? काही नाही झालेलं."

आता ते नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी ताटावरून नजर वर केली नाही. पण वाक्य आलं नाही. मिस्त्री उंबऱ्यावर बसले, हँडल नसताना पहिल्यांदाच असं बसलेलं मी त्यांना बघितलं. आपला डावा हात त्यांनी धाकट्यासमोर धरला. त्यांच्या अनामिकेच्या मुळाशी एक पांढरट पट्टा आहे, बोटाला वेढा घालून गेलेला. मला तो पाठ आहे.

"हे कशानं झालं?"

"इंजिनाच्या पट्ट्यात सापडलं होतं. तूच सांगितलंस."

"पट्ट्यात नाही. अंगठी होती बोटात. बॅटरीचं टोक पान्यानं आवळत होतो. पाना टोकावर, आणि अंगठी एकीकडून पान्याला, दुसरीकडून इंजिनाच्या पत्र्याला टेकली. अंगठी लाल झाली, विस्तवासारखी. काढता येईना. कातरीनं कापून काढली मी ती, स्वतःच. कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय." ते थांबले. "आता तू दाखव."

धाकट्यानं खिशातून हात काढला.

तर्जनीच्या टोकाला एक ठिपका होता. सुई टोचल्यावर राहतो तेवढा, रक्तसुद्धा नाही. पण बोट फुगून पांढरं पडलं होतं आणि तळवा मधोमध ताठ झाला होता, मिटत नव्हता.

"थेंब पुसायला बोट लावलं," धाकटा म्हणाला, "आणि दुसऱ्या हातानं दांडा दाबला गेला. आधी काहीच वाटलं नाही दादा. मग बोट बधिर झालं. आता खांद्यापर्यंत ठणकतंय."

मी गरम पाणी आणायला उठले. मिस्त्री म्हणाले, "नको. शेकायचं नाही. काही लावू नको, काही बांधू नको. आणि त्याला जेवायला देऊ नको." मग ते टेबलाकडे गेले. मला वाटलं, आता कसली तपासणी? त्यांनी काकडीवाल्यांचंच जुनं, बदलून काढलेलं नोझल पंपाला लावलं, खोक्याचा एक पुठ्ठा काठीच्या चिमट्यात धरून अगदी जवळ नेला आणि दांडा खच्चून दाबला. पुठ्ठा उजेडात धरून बघितला. नोझल सोडवलं, पुठ्ठा आणि नोझल खिशात घातलं. या सगळ्याला दोन मिनिटं लागली असतील. एवढ्या घाईत मी त्यांना आयुष्यात बघितलं नव्हतं.

गाडी काकडीवाल्यांनी चालवली. धाकटा मधे, मी आणि मिस्त्री दोन्ही बाजूंना. वाटेत मिस्त्रींनी विचारलं, "सकाळीच का नाही सांगितलंस? नदीवर निरोप धाडायचा."

धाकटा समोर बघत म्हणाला, "तू म्हणाला असतास, सांगितलं होतं ना."

काकडीवाल्यांनी गाडीचा वेग वाढवला.

मोठ्या इस्पितळात पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, काय झालंय. मिस्त्री म्हणाले, बोटाला टोचलंय. काय टोचलंय, सुई? त्यानं चष्म्यावरून धाकट्याच्या बोटाकडे बघितलं आणि बाकावर बसायला सांगितलं. बाकावर एकाचा पाय मोडलेला होता, एका बाईला धाप लागली होती. त्यांच्या मधोमध आमचा एवढा मोठा बाप्या बोट वर धरून बसला. धाप लागलेल्या बाईबरोबरच्या माणसानं आम्हाला विचारलं, "एवढ्यासाठी आलात?" मला मान खाली घालावीशी वाटली, आणि तसं वाटल्याचा आज राग येतो.

आत एक तरुण डॉक्टर होता. दमलेला, पण बोलायला बरा. त्यानं बोट दाबून बघितलं. "टोचल्यामुळे सूज आहे. गोळ्या देतो, मलम देतो. दोन दिवसांत उतरली नाही तर या."

"डॉक्टर," मिस्त्री म्हणाले, "सबूर."

मला वाटलं धरणी दुभंगावी. मिस्त्रींनी खिशातून नोझल काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी पुठ्ठा. "हे टोचलेलं नाही. ह्याच्यातून डिझेल उडालंय. हा पुठ्ठा बघा, खोक्याचा आहे, तिहेरी. आरपार गेलंय. बोट ह्याहून मऊ असतं. बाहेर दिसतंय ते फक्त दार आहे, डिझेल आत बसलंय. कुठपर्यंत गेलंय ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला उघडून बघावं लागेल."

माझा नवरा एका दमात एवढं बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरानं पुठ्ठा खिडकीकडे धरला. भोक बारीक होतं, पण त्यातून उजेड येत होता. तो उठून बाहेर गेला आणि पाच मिनिटांत एका बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. बाईंनी बोट बघितलं नाही, आधी पुठ्ठाच बघितला.

"किती वाजता झालं?"

"साडेनऊला," धाकटा म्हणाला.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "आणि आत्ता चार. मधे काय करत होतात?"

मिस्त्री म्हणाले, "माझी चूक आहे." बाईंना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. त्यांनी विचारलं, शेवटचं कधी खाल्लं. सकाळी सातला, मी म्हणाले. बरं झालं, म्हणाल्या. जाताना पुठ्ठा त्यांनी मिस्त्रींच्या हातात परत दिला. "हा नसता तर आम्ही त्याला घरी पाठवला असता," एवढं स्पष्ट बोलल्या त्या. अशी माणसं मला आवडतात.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. काकडीवाले चहा आणतो म्हणून गेले ते तासभर आलेच नाहीत, लांब उभे राहून आमच्याकडे बघत होते. हात राहील का नाही, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मिस्त्र्याच्या घरात हात गेला तर उरतं काय. आणि तरीही, माणसाचं मन असं मेलं चमत्कारिक, त्या विचाराच्या आतून दुसरा एक विचार वर येत होता आणि मी तो दाबू शकत नव्हते.

"अंगठी नदीत पडली म्हणाला होतात," मी म्हटलं.

"हं."

"हात धुताना."

"हं."

"महिनाभर बोलले नव्हते मी तुमच्याशी."

"महिना आणि चार दिवस."

"मग मला का नाही सांगितलं खरं?"

ते त्या पुठ्ठ्याशी चाळा करत होते. "लग्नानंतर महिन्याभरानं मी एकदा कामाला जाताना ती काढून फळीवर ठेवली होती. आठवतंय? तू म्हणालीस, परत बोटातून काढलीत तर माझ्याशी गाठ आहे."

मला आठवत होतं. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि ती अंगठी माझ्या आईनं कानातलं मोडून करून दिली होती. शब्द न् शब्द आठवत होता. फळीवरून उचलून मी स्वतःच्या हातानं ती त्यांच्या बोटात परत घातली होती.

"जळली असं सांगितलं असतं तर तू रडली असतीस," ते म्हणाले. "काढून का नाही ठेवलीत, म्हणाली असतीस. नाहीतर कापलीत कशाला, म्हणाली असतीस. काही तरी म्हणालीच असतीस. मला भीती वाटली. मग त्यापेक्षा नदी बरी."

मला खूप काही बोलायचं होतं. एकवीस वर्षं मी त्या नदीवर रागावले होते. पण बोलायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, या माणसानं ज्याच्याकडून पहिल्यांदा लपवलं ते मी. आणि मग जन्मभर बाकीच्यांना तो जे सांगत सुटला, अंगठी काढा, घड्याळ काढा, ते सगळं त्या एका न सांगितलेल्या गोष्टीच्या बदल्यात. मला रडू आलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याला डिझेलचा वास होता, आणि मी त्यानंच डोळे पुसले.

धाकट्याचं बोट त्या दिवशी उघडलं आणि दोन दिवसांनी पुन्हा. आतून धुऊन काढलं, तळव्यापर्यंत. हात राहिला. तर्जनी मधल्या पेरापासून गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सकाळीच आला असतात तर कदाचित तीही राहिली असती. कदाचित म्हणाल्या, नक्की नाही म्हणाल्या, पण आमच्या घरात तो शब्द नक्कीसारखाच ऐकू आला.

धाकटा दहा दिवसांनी घरी आला. कालव्याचं काम तोवर निम्मं झालं होतं, इंजिनं अजून येतच होती. काकडीवाले दर एक दिवसाआड टोपलीभर काकड्या आणून उंबऱ्यावर ठेवायचे आणि काही न बोलता जायचे. त्यांचं ते न बोलणं आम्हाला सहन होईना. शेवटी धाकट्यानंच त्यांना हाक मारली. "काका, तुमचा तो पलीकडच्या काठचा मिस्त्री, त्याची बोटं मोजलीत का कधी?" काकडीवाले खाली बसले आणि तोंडावर हात धरून हसले, मग हसता हसता त्यांचे डोळे भरले. पुढच्या टोपलीत काकड्या निम्म्याच होत्या, हे मला बरं वाटलं.

नटबोल्टांच्या एका जुन्या डब्याच्या तळाशी अंगठी होती. मिस्त्रींनी ती काढून माझ्या हातात दिली. एका बाजूला कापलेली, दुसऱ्या बाजूला सोनं वितळून त्याचा मणी झालेला, काळा. आईची आठवण आली. दुसरी घडवून घेऊ म्हणाले. मी नको म्हटलं. मागच्या खोलीच्या चौकटीतल्या त्या खिळ्यावर मी ती अडकवली, माझ्या बांगड्यांच्या मागे, कायमची. आता कुणी आत येताना घड्याळ अडकवायला गेलं की विचारतंच, हे काय लोंबतंय. ते मी सांगत नाही. मिस्त्रींना हाक मारते. त्यांना हातातलं काम टाकून यावं लागतं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, ही माझी, माझ्या चुकीनं जळाली. पहिल्यांदा सांगताना त्यांना घाम फुटला होता. आता जरा सरावलेत.

धाकटा डाव्या हातानं कागदाची काठी धरायला शिकतोय, चारच बोटांत. काठी सारखी निसटते, मग तो काठीशी बोलतो.

परवाची गोष्ट. सकाळपासून तीन बॅटऱ्या चार्जिंगला होत्या. पहिली भरली म्हणून मी चिमटा काढला आणि टोकावर चट्‌कन ठिणगी उडाली. चार्जर बंद करायचा राहिला होता. दोन्ही खिडक्यांमधून वारा आरपार वाहत होता, म्हणून काही झालं नाही. खोलीत कुणी नव्हतं. कुणी बघितलं नव्हतं. पुढच्या बॅटरीला हात घातला असता, तर दुपारपर्यंत मी स्वतःही विसरून गेले असते.

मी चौकटीपाशी आले. बांगड्या काढून घेताना मागची अंगठी हलली. बांगड्या तशाच हातात धरून मी अंगणात गेले. मिस्त्री एका इंजिनापुढे बसले होते, हँडल बुडाखाली, कोपरापर्यंत हात आत.

"अहो, ऐका. माझ्याकडून आत्ता चूक झाली. चार्जर चालू असताना चिमटा काढला. ठिणगी उडाली."

त्यांनी मान वर केली. जबडा आवळला गेला. ते तीन शब्द घशापर्यंत आलेले मला स्पष्ट दिसले, धाकट्यालाही दिसले असणार, कारण त्यानं दांडा दाबायचं थांबवलं. मिस्त्रींनी हात हळूच बाहेर काढला, फडक्याला पुसला, एकेक बोट वेगळं करून पुसला. त्याला बराच वेळ लागला.

"लागलं का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. मग हँडल उचलून बरोबर घेतलं आणि माझ्या मागोमाग खोलीत आले. चार्जर अजून चालूच होता. तो त्यांनी आधी बंद केला.